जंगल जेटीतलं जंगल

कोकणात गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला रस्ता सांगताना लोक अगदी सहज म्हणतात, "सरळ जा आणि जंगल जेटीने पलीकडे उतरा." पाहुणा बिचारा झाडी शोधत राहतो. वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी यांपैकी कुठल्याही खाडीवर गेलात तरी रान असं काही लागत नाही. फार तर चिखलात उभी असलेली तिवरं दिसतात. बाकी असते ती सपाट तळाची एक रुंद बोट. तिचा पुढचा फळका उतारावर टेकतो आणि गाड्या, दुचाक्या, माशांच्या पाट्या, बाजाराच्या पिशव्या, सगळं एकदम आत शिरतं. गंमत अशी की या बोटीलाच लोक जेटी म्हणतात. "जेटी आली", "जेटी सुटली" हे रोजचं बोलणं. म्हणजे या जोडनावातल्या पहिल्या शब्दाचा पत्ता नाही आणि दुसरा शब्द आपली जागा सोडून पाण्यावर हिंडतो आहे.

दुसऱ्याचा उलगडा सोपा. जेटी आपल्याकडे इंग्रजीतून आली, इंग्रजीत ती फ्रेंचमधून गेली, आणि फ्रेंचमध्ये तिच्या मुळाशी 'फेकणे' हे क्रियापद आहे. किनाऱ्यावरून पाण्यात पुढे टाकलेलं बांधकाम ती जेटी. आपला जुना शब्द धक्का. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याने तो अजून जिवंत ठेवला आहे.

जंगलाचा माग काढायला मात्र थेट केरळ गाठावं लागतं. कोचीच्या परिसरात वाहनं वाहून नेणाऱ्या अशाच सपाट बोटीला मल्याळी माणूस 'जंकार' म्हणतो. जंकाराच्या शेजारी पोर्तुगीज 'जंगाडा' ठेवा. अर्थ तराफा. पोर्तुगीजांनी हा शब्द मलबारच्या किनाऱ्यावर उचलला आणि पार अटलांटिकपलीकडे नेला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आजही आपल्या शिडाच्या तराफ्याला जंगाडाच म्हणतात. मलबारात त्याचं मूळ 'चंगाडम', म्हणजे दोन होड्या किंवा ओंडके एकमेकांना बांधून वर फळ्या टाकून केलेलं तरण्याचं साधन. आणि चंगाडमच्या मागे संस्कृत 'संघाट', जोडणी.

संघाट म्हटल्यावर मराठी कानाला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. आपली 'सांगड' त्याच संघाटाची. आज आपण नोकरी आणि संसाराची सांगड घालतो, परंपरा आणि आधुनिकतेची तर उठल्याबसल्या घालतो. पण जुन्या कोशांत सांगड ही पाण्यातली वस्तू आहे. नदी ओलांडायला दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन सुके भोपळे एकत्र बांधायचे, ती सांगड. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत दक्षिण भारतातल्या बंदरांवरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या होड्यांचं नाव 'संगारा' असं आलं आहे. अभ्यासकांनी तेही याच घराण्यात बसवलं आहे.

एवढं पाहिल्यावर मी माझ्यापुरता निकाल देऊन टाकला आहे: जंगल जेटीतलं जंगल हे जंकाराचं बिघडलेलं रूप. परका शब्द तोंडात नीट बसला नाही की लोक त्याला जवळच्या ओळखीच्या शब्दाचे कपडे चढवतात. जंकाराला जंगल हेच सर्वांत जवळचं होतं. माझा निकाल मान्य नसेल त्याने खाडीकाठी एखादं जंगल दाखवावं.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. किनाऱ्यावरच्या ऐतिहासिक जागा एका दिवसात पाहून परत यायचं तर नकाशा फार कामाचा नसतो. सह्याद्रीतल्या किल्ल्याला पहाटे निघा नाहीतर दुपारी, किल्ला तिथेच असतो आणि वाटही. किनाऱ्यावर वाट दिवसातून दोनदा बुडते. मधे खाड्या आडव्या येतात. दाभोळला आदिलशाही काळातली घुमटाची देखणी मशीद पाहायची आणि लगेच समोरच्या अंजनवेलचा गोपाळगड, तर दोघांमध्ये वाशिष्ठीचं मुख आहे. जंगल जेटी काही मिनिटांत पलीकडे सोडते; तिच्याविना चिपळूणला वळसा घालण्यात दिवस संपतो. दाभोळ इतकं नांदतं बंदर होतं की 1508च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने ते वाटेत मुद्दाम थांबून जाळलं. आज तिथे उतरणारा बहुतेक पर्यटक जेटीच्या रांगेत गाडी लावतो आणि मशिदीकडे पाठ करून भेळ खातो.

किनाऱ्यावरच्या माणसाने या वाट बुडण्याउघडण्याचं गणित शब्दांत बांधून ठेवलं आहे. भरती आणि ओहोटी सगळ्यांना माहीत. पण त्यांच्या आतले दोन शब्द घाटावर पोचलेच नाहीत, निदान त्या अर्थाने नाहीत: उधाण आणि भांग. घाटावरच्या माणसाला उत्साहाला येणारं उधाण ठाऊक असतं आणि केसांतला भांग किंवा होळीतली भांग. कोळ्याला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमाराला चढणंही बेताचं, उतरणंही बेताचं, तो भांग. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक सहज पडतो, दीड मजला म्हणा ना. भांगात तो निम्म्यावर येतो.

याला जोडून एक जुना आडाखा आहे आणि तो अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली तर सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हे मुंबई-अलिबागच्या आसपासचं. दक्षिणेला जावं तसा थोडा फरक पडतो. आडाखा ढोबळ आहे, त्यामुळे जाण्याआधी छापील कोष्टक पाहावंच, पण कुठला रविवार धरायचा हे घरबसल्या ठरवायला तो पुरतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे तो कान्होजी आंग्र्यांचं मुख्य ठाणं झाला. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. आता अडचण पाहा. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत दूर जातं खरं, पण ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी तितक्यालाच. अष्टमीला ओहोटी अगदी सोयीच्या वेळी, दुपारी बाराला. पण तो भांग, पाणी मनासारखं हटत नाही. मधला मार्ग चतुर्थी-पंचमीचा. उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी सकाळी नऊ ते पावणेदहाला. उशिरा उठणाऱ्यांसाठी द्वादशी-त्रयोदशी, दुपारी तीनच्या पुढे. किल्ल्यात 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. चतुर्थीला सकाळी समुद्राने नेमकी वाट उघडी करावी, ही गणपतीची सोय म्हणायची की चंद्राची, ते ज्याने त्याने ठरवावं. मी तिथे ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पाण्यात पाय घालतो आणि वेळ उलटून गेल्यावर आत रेंगाळत नाही.

कुलाबा या नावाबद्दल बरेच तर्क आहेत. कोळ्यांशी नातं जोडणारे आहेत. अरबी-फारसीत 'कुल्लाब' म्हणजे आकडा, तिकडे बोट दाखवणारेही आहेत. मुंबईचा कुलाबा आणि अलिबागचा कुलाबा दोन्ही पाण्यात शिरलेल्या जमिनीवर आहेत, म्हणून मला आकडा पटतो. कोळ्यांचा पक्ष घेणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

जंजिऱ्याबद्दल मात्र भांडेन. मुरुडला गेलं की कुणीतरी हमखास सांगतं, हा किल्ला म्हणजे समुद्रातली साखळी, जंजीर, म्हणून जंजिरा. ऐकायला छान, पण खोटं. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. अल जझीरा या वाहिनीच्या नावात तोच शब्द आहे आणि अल्जीरिया या देशाच्या नावात त्याचंच अनेकवचन. मराठीत येताना मधे एक नाकातला उच्चार शिरला, जझीऱ्याचा जंजिरा झाला आणि लगेच साखळीने त्याला ओढून नेलं. जंकाराचं जंगल झालं तसंच हे. मराठी कागदपत्रांत हे एका किल्ल्याचं नाव नाहीच. 'जंजिरे विजयदुर्ग', 'जंजिरे सुवर्णदुर्ग' असं सर्रास लिहिलेलं सापडतं. जलदुर्ग या अर्थाचं ते सामान्यनाम होतं. म्हणून 'मुरुड-जंजिरा' ही आपली बोलण्याची पद्धत फार अचूक आहे: कुठला जंजिरा, तर मुरुडचा. बाकीच्या जंजिऱ्यांनी ते बिरुद गाळलं. सिद्दींनी 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत बेट हातचं जाऊ दिलं नाही आणि बेटाने आपलं नाव.

त्याच्याजवळच कासा खडकावर शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला. दुर्ग या शब्दात 'दुः' आणि 'ग' आहेत, जिथे जाणं कठीण ते. पर्यटन खात्याच्या फलकावर 'दुर्ग, जाण्यास सोपा' असं वाचलं की मला हसू येतं. पद्मदुर्गाने मात्र नावाची लाज राखली आहे. जंजिऱ्याकडे राजपुरीहून शिडाच्या होड्या सारख्या सुटतात, पद्मदुर्गाकडे कुणी सहसा फिरकत नाही. हवा, पाणी आणि होडीवाला तिघे एकाच दिवशी खूश असावे लागतात. एका दिवसात दोन्ही करू म्हणणाऱ्यांनी पद्मदुर्ग किनाऱ्यावरून पाहण्याची मनाची तयारी ठेवावी.

राजपुरीच्या होडीत बसलात की तुम्ही उतारू झालात. हा शब्द आता एसटीच्या जुन्या पाट्यांवर आणि रेल्वेच्या बातम्यांत उरला आहे. बोलण्यात प्रवासी, नाहीतर पॅसेंजर. पण उतारू मुळात पाण्यातला माणूस. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरून जाणे, 'उत्-तॄ' म्हणजे पाण्यातून वर येणे, पार होणे. त्यावरून आपलं उतरणे. आज आपण बसमधून उतरतो, जिना उतरतो, भाव उतरतात. पाण्याचा थेंब कुठे नाही. त्याच तॄचं तारू, म्हणजे जहाज. खाडी ओलांडून देणारी होडी ती तर, ती चालवणारा तो तरीवाला. नदीत पाय टाकून पलीकडे जाता येईल अशी जागा ते तीर्थ. देवपण नंतर चिकटलं. वरून खाली उतरणारा तो अवतार. सांगड आणि तर या दोन शब्दांवर आपला निम्मा किनारा उभा आहे, असं म्हटलं तर फार फुगवून सांगितल्यासारखं होणार नाही.

जंजिऱ्याला होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी लागते तेव्हाच दरवाजा नीट दिसतो, तोपर्यंत तटच तट. आत होडीवाला मोजका वेळ देतो. त्या वेळेत कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढायचे की दरवाज्यावरचं हत्ती पकडलेल्या शरभाचं शिल्प पाहायचं, हे आधी ठरवलेलं बरं. मी शरभाच्या बाजूचा.

समुद्रावरच्या अधिकाराचे शब्द बाहेरून आले, आणि तेही बरेचदा जमिनीवरचे. कान्होजी आंग्र्यांचं 'सरखेल' पाहा. अरबी 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ. सरखेल म्हणजे त्या जथ्याचा म्होरक्या. घोडेस्वारांची पदवी आरमारप्रमुखाला मिळाली आणि कुणाला खटकलं नाही. आरमार स्वतः पोर्तुगीज 'आर्मादा'. दर्यासारंगातला सारंग फारसी 'सरहंग', सेनानी. दर्याही फारसीच, पण उत्तरेत तो नदी झाला आणि आपल्याकडे समुद्र. आंग्र्यांच्या आरमारातली मोठी लढाऊ नाव गुराब. अरबीत गुराब म्हणजे डोमकावळा. इंग्रजांनी या कावळ्याचा 'ग्रॅब' केला आणि त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ झडप घालणे असा होत असल्याने त्यांना तो भलताच शोभून दिसला असणार. या आरमाराच्या खुणा पाहायच्या तर जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रावरचे आहेत. चारांपैकी तीन बेटांवर. एका दिवसाला एकच धरावा.

शब्दांच्या माणसाने एकच दिवस काढायचा असेल तर मी त्याला यांपैकी कुठेच पाठवणार नाही. चौल, रेवदंडा आणि कोर्लई हा काही किलोमीटरचा तुकडा त्याला पुरेल. चौल ही आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतली शांत वस्ती. पण कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत तिचं नाव 'चेमुल' आहे, ग्रीकांनी 'सेमिल्ला' आणि 'सिमिल्ला' लिहिलं, अरबांनी 'सैमूर'. चेमुलचं चौल कसं झालं हे कळायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. ग्रामाचा गाव होतो, नामाचं नाव होतं. दोन स्वरांमधला म मराठीत व होऊन विरघळतो. चेमूल, चेवूल, चेऊल, चौल. दोन हजार वर्षांचं बंदर असं चार पावलांत आपल्या तोंडात येतं. बंदराचा गाळ काढायला एवढी सोपी युक्ती नव्हती.

रेवदंड्यात पोर्तुगीजांचा तट गावाला वेढून आहे आणि त्यातूनच रस्ता जातो. नावातला दंडा हा आगरदांडा, खारदांडा यांतल्या दांड्याचा भाऊ: पाण्यात लांब शिरलेली जमीन. रेव म्हणजे वाळू. आगरदांड्यातलं आगर संस्कृत 'आकर', खाण. आपल्याकडे मिठाचं आगर आणि नारळाचं आगर, दोन्ही. पोर्तुगीजांनी इथे सव्वादोनशे वर्षं काढली आणि 1740 मध्ये मराठ्यांच्या हाती चौल देऊन निघून गेले. मागे ठेवलेल्या वस्तूंची यादी कुठल्याही मराठी घरात करता येते: चावी, पाव, बटाटा, काजू, पिंप, काडतूस. तुरुंगही त्यांचाच, 'त्रोंको'चा. मूळ अर्थ ओंडका, त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा खोडा, त्यावरून कोठडी.

कुंडलिकेच्या मुखापलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. पोर्तुगीज त्याला 'मोरो द चौल' म्हणत. किल्ल्याची अरुंद धार, दोन्हीकडे पाणी, दीपगृहाकडून वर जाणारी वाट, हे सगळं उत्तमच. पण पायथ्याच्या गावात थांबल्याशिवाय परतू नये. तिथली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या संसारातून जन्मली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद आपल्यासारखं शेवटी. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. पोर्तुगीज सैन्य गेलं, चर्चची भिंत पडली, आणि बोली राहिली. ती ऐकायला मिळेलच असं नाही, आणि कुणाच्या दारात उभं राहून "जरा बोलून दाखवा" म्हणू नये. दुकानात काहीतरी विकत घ्यावं आणि कान उघडे ठेवावेत.

या सगळ्यासाठी मोसम पाहावा लागतो, आणि मोसम हा शब्द तर जहाजांसाठीच जन्मला. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. समुद्रावर तो वाऱ्याचा काळ झाला, पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत 'मान्सून' होऊन तो पुन्हा आपल्याकडे पावसाच्या बातम्यांत आला. गंमत म्हणजे ज्या मान्सूनमध्ये होड्या बंद असतात त्याला दर्यावर्दी अरबाने दिलेलं नाव आहे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद, खांदेरीचा विचारही नको, गेटवे-मांडवा मार्गावरच्या लहान लाँचही थांबतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात ते काही उगाच नाही. पाहुण्याने त्यानंतरही थोडा धीर धरून दिवाळीच्या आसपास निघावं. ऊन सोसेल, समुद्र निवळेल.

एक शेवटचा शब्द राहिला. जंगल जेटीला कुणी कुणी 'फेरीबोट' म्हणतात. इंग्रजी फेरी आणि मराठी फेरी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्यांची 'वाहून नेणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदाची, आपली फिरण्याची, फेऱ्याची. नुसता योगायोग. पण फेरीबोट म्हणजे फेऱ्या मारणारी बोट हे मराठी माणसाला इतकं उघड वाटतं की तो शब्द परका आहे असं कुणाला सांगूनही पटत नाही. धक्क्यावर गाडी लावलीत की तिकिटाच्या खिडकीवर आधी एवढंच विचारा: परतीची शेवटची फेरी किती वाजता? ती चुकली तर चिपळूणचा वळसा आहेच.